ड्राफ्ट झाला, आता आपला संघ कसा? : एका बेअर्सवाल्याला दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

मी शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहतो. सतरा वर्षं शिकागो बेअर्सचा चाहता आहे, आणि त्याबद्दल घरच्यांना माझी दया येणंसुद्धा आता बंद झालं आहे. एप्रिलअखेर एनएफएलचा, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट (कॉलेजातल्या खेळाडूंची संघांत वाटणी) झाला की मंडळातली माणसं, ऑफिसात नव्याने आलेली मुलं, पुण्याहून फोन करणारे मेव्हणे, सगळे तेच ते प्रश्न विचारतात. एकदाच लिहून टाकतो. हे २०२५ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात लिहितोय, म्हणजे सराव शिबिरं अजून सुरू व्हायची आहेत. तरी जास्त बोलणार आहे ते २०२४ च्या ड्राफ्टबद्दल. त्यावर एक अख्खा हंगाम उलटून गेलाय आणि माझी तेव्हाची मतं किती फसली ते मोजता येतं.

आधी हे सांगा, हा कुठला फुटबॉल?

हातात धरून पळतात तो. गोव्याच्या मंडळींनी रागावू नये. इथे पायाने खेळतात त्याला सॉकर म्हणतात, आणि या खेळातसुद्धा पायाने चेंडू मारणारा एक माणूस असतोच. त्याच्याबद्दल पुढे येईल, कारण बेअर्सनी चौथ्या फेरीत त्यालाच उचलला.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव का?

नाही. लिलावात पैसा बोलतो, इथे पाळी बोलते. आपल्या लोकांना पटकन कळतं ते इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडवरून, फक्त तो उलटा धरायचा. कॅपमध्ये पहिला आलेला मुलगा कॉलेज निवडतो. इथे कॉलेज मुलाला निवडतं, आणि पहिला नंबर मिळतो तो सगळ्यात वाईट निकाल लागलेल्या कॉलेजला. टॉपरला कुणी विचारत नाही, ‘बाबा, तुला कुठे जायचंय?’ तो सूट शिवून येतो, नाव पुकारलं की स्टेजवर जातो, हातात टोपी देतात ती घालतो. गाव कुठलंही असो.

आपल्याकडे असं झालंच नाही असं नाही. २०१७ मध्ये आयएसएलने भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट मुंबईतच घेतला होता. पण लिलावाची झिंग त्याला नव्हती, आणि आपल्याला बोली लागल्याशिवाय मजा येत नाही हे खरं.

पाळी कशी ठरते?

संघ ३२, फेऱ्या ७. प्लेऑफला न पोचलेले १८ संघ आधी, त्यांतही सर्वांत वाईट कामगिरीचा पहिला. मग प्लेऑफमध्ये जसजसे हरत गेले तसतसे. सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, हरलेला ३१ वा, जिंकलेला ३२ वा. वर काही जादा पाळ्या असतात, म्हणून २०२४ मध्ये एकूण २५७ जणांची नावं पुकारली गेली. तेव्हा पहिल्या फेरीत दहा मिनिटांत निर्णय घ्यायचा होता, सातव्या फेरीत चार. हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात संघ आपापल्या पाळ्या विकत-घेत असतात, पुढच्या वर्षीच्यासुद्धा, आणि खरी गंमत तिथे आहे.

मुलगा ‘मला या संघात जायचं नाही’ असं म्हणू शकतो का?

म्हणू शकतो, पण त्याच्यामागे वजन लागतं. १९८३ मध्ये जॉन एलवेने कोल्ट्सना नकार दिला आणि तो डेन्व्हरला गेला. २००४ मध्ये ईलाय मॅनिंगने चार्जर्सना नको म्हटलं आणि त्याच दिवशी त्याची रवानगी न्यूयॉर्क जायंट्सकडे झाली.

पण सगळ्यात भारी नकार पहिल्याच ड्राफ्टमधला आहे. फेब्रुवारी १९३६, फिलाडेल्फियातलं रिट्झ-कार्लटन हॉटेल, नऊ संघ, नऊ फेऱ्या. पहिलं नाव पुकारलं गेलं ते शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचं. फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याला निवडला, त्यांना पगार झेपेना, म्हणून त्यांनी त्याचे हक्क आमच्या बेअर्सना देऊन टाकले. बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस. त्यांच्याशीही पैशांवरून जमलं नाही. बरवँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही, नोकरी-धंदा बघू म्हणाला. म्हणजे ड्राफ्टच्या इतिहासातला पहिलाच खेळाडू बेअर्सच्या हातून निसटला. आमची कुंडली तेव्हाच मांडून झाली होती.

पहिल्या नंबरच्या मुलाला किती पैसे मिळतात?

कॅलेब विल्यम्सला, म्हणजे २०२४ च्या पहिल्या नंबरला, चार वर्षांचे साधारण ३ कोटी ९५ लाख डॉलर. खूप वाटतात ना? २०१० चा पहिला नंबर सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांच्या करारात ५ कोटी डॉलर नुसते हमीचे होते, एकूण करार ७ कोटी ८० लाखांचा. २०११ पासून नवोदितांच्या पगाराला नियमाने चाप लागला. त्यामुळे आता चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा, ड्राफ्टमध्ये सापडला तर चार वर्षं तो ‘स्वस्तात’ पडतो आणि उरलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करता येतो. ‘आधी क्वार्टरबॅक शोधा’ हा जो सगळ्यांचा धोशा असतो, त्यामागे हा हिशेब आहे.

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी लोक संघांना गुण देतात ते कशावरून?

खरं सांगू? स्वतःच्या अपेक्षेवरून. मी रात्री माझी यादी करून ठेवलेली असते. संघाने माझ्या यादीतला मुलगा माझ्या अंदाजापेक्षा उशिरा उचलला तर ‘वा, काय सौदा’, आणि लवकर उचलला तर ‘वाया घालवली पाळी’. मुलाने अजून मैदानावर पाऊल ठेवलेलं नसतं. टीव्हीवरचे तज्ज्ञही हेच करतात, फक्त त्यांची यादी लांब असते आणि टाय चांगला असतो.

सिअ‍ॅटल सीहॉक्सचं २०१२ चं उदाहरण सगळे देतात, मीही देतो. पंधराव्या क्रमांकावर ब्रूस अर्विन घेतला म्हणून त्यांची टर उडवली, कुणी कुणी तर सरळ नापास केलं. त्याच ड्राफ्टमध्ये त्यांनी ४७ व्या क्रमांकावर बॉबी वॅगनर घेतला आणि ७५ व्या क्रमांकावर रसेल विल्सन, ज्याला ‘उंचीला कमी’ म्हणून कुणी हात लावत नव्हतं. दोन हंगामांत सुपर बोल, ४३-८.

आणि उलटं उदाहरण आमच्या घरचं. २०२१ मध्ये बेअर्सनी वर चढून ११ व्या क्रमांकावर क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स घेतला. त्या रात्री मी पेढे वाटायचा बाकी होतो. देशभर सगळ्यांनी कौतुक केलं. २०२४ च्या मार्चमध्ये त्याच फील्ड्सला आम्ही पिट्सबर्गला धाडलं, बदल्यात काय मिळालं तर पुढच्या वर्षीची सहाव्या फेरीची एक पाळी, तीही अटींवर.

तुम्ही २०२४ मध्ये कुणाला किती गुण दिले होते?

कागद जपून ठेवलाय. ऑफिसच्या नोटपॅडचं पान, फ्रिजवर गणपतीच्या चुंबकाखाली वर्षभर होतं. कोपऱ्यावर तेलाचा डाग आहे, आणि मुलीने हंगाम संपल्यावर लाल पेनाने बाजूला खरे गुण लिहिलेत. तो ड्राफ्ट तसा विचित्रच. पहिल्या १२ नावांत सहा क्वार्टरबॅक, आणि पहिली १४ नावं आक्रमणातल्या खेळाडूंची. पहिला बचावपटू १५ व्या क्रमांकावर गेला, लायाटू लाटू, इंडियानापोलिसला. इतक्या उशिरा याआधी कधीच गेला नव्हता.

वॉशिंग्टनला मी ब दिला होता. दुसऱ्या क्रमांकावर जेडन डॅनियल्स, मी शेजारी लिहिलंय ‘बारीक आहे, टिकेल का?’ टिकला. आदल्या वर्षी ४-१३ (चार विजय, तेरा पराभव) असलेला संघ १२-५ झाला, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत (सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे) गेला आणि डॅनियल्स सर्वोत्तम नवोदित आक्रमक ठरला. मुलीने माझ्या ‘टिकेल का?’ खाली नुसतं एक हसरं तोंड काढलंय.

अटलांटाला मी नापास केलं, आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही. मार्चमध्ये त्यांनी कर्क कझिन्सला चार वर्षांचा १८ कोटी डॉलरचा करार दिला, त्यातले १० कोटी हमीचे. सहा आठवड्यांनी आठव्या क्रमांकावर मायकल पेनिक्स ज्युनिअर, म्हणजे दुसरा क्वार्टरबॅक. घरात नवी गाडी आणून महिन्याभरात शेजारी दुसरी उभी करायची आणि बायकोला सांगायचं की ही पुढे लागेल. डिसेंबरात कझिन्सला बसवून पेनिक्सला खेळवावं लागलं. आता सांगा, ती दूरदृष्टी म्हणायची की उधळपट्टी? पेनिक्स चांगला निघाला तर लोक दूरदृष्टीच म्हणतील, आणि संघ मात्र त्या वर्षी ८-९ वरच राहिला.

डेन्व्हरला क. बो निक्स १२ व्या क्रमांकावर म्हणजे ‘दोन फेऱ्या लवकर’ असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. त्याने २९ टचडाउन पास (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोचवणारे) दिले आणि सुपर बोल ५० नंतर पहिल्यांदा डेन्व्हरला प्लेऑफमध्ये नेलं. इथे मी सपशेल आपटलो.

मिनेसोटाला अ दिला होता, जे. जे. मॅकार्थीसाठी. बिचाऱ्याचा गुडघा ऑगस्टमध्येच गेला, तो अख्खं वर्ष खेळला नाही. त्याच्या जागी सॅम डार्नल्ड उभा राहिला आणि संघ १४-३. मुलीने लाल पेनाने लिहिलंय ‘गैरहजर’. हे मला फार आवडलं. गैरहजर मुलाला अ देणारा मास्तर मीच.

रेडर्सना क, ‘टाइट एंड कशाला?’ म्हणून. टाइट एंड म्हणजे अडवायचं आणि झेलही घ्यायचे, असं दोन्ही करणारा. ब्रॉक बाउअर्सने ११२ झेल घेतले, नवोदिताचा विक्रम. रेडर्स तरी ४-१३. म्हणजे माझा गुण चुकला की बरोबर आला, यावर आमच्याकडे दोन जेवणं वाद झाला. माझं म्हणणं, मुलगा अ, वर्ग नापास.

लॉस एंजेलिस रॅम्सना मी ब दिला तेव्हा डोक्यात एकच होतं, अ‍ॅरन डॉनल्ड, त्यांचा दिग्गज बचावपटू, निवृत्त झालाय, आता यांचं काय? त्यांनी फ्लोरिडा स्टेटच्या एकाच बचाव फळीतले दोघे उचलले, जेरेड व्हर्स आणि ब्रेडन फिस्क. व्हर्स सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. एकमेकांची सवय असलेली जोडी आणायची, एवढी साधी गोष्ट.

आणि ईगल्स. ब+ दिला होता, तोही नाइलाजाने. २२ व्या क्रमांकावर क्विन्यन मिचेल, ४० व्या क्रमांकावर कूपर डीजीन. दोघे मागच्या फळीतले, दोघे पहिल्याच वर्षी खेळले, आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला सुपर बोलमध्ये डीजीनने आपल्या बाविसाव्या वाढदिवशी कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचा पास अडवून थेट टचडाउन केला. ४०-२२. त्या क्षणी माझ्या हॉलमध्ये बसलेल्या एकमेव ईगल्सवाल्याला मी चहा विचारला नाही.

म्हणजे वरच्या क्रमांकापेक्षा खालच्या क्रमांकावर काय घेतलं ते महत्त्वाचं?

थोडं तसंही. पण जास्त महत्त्वाचं हे की मुलगा कुठल्या घरात पडला. ईगल्सकडे बचावाची मोट आधीच बांधलेली होती, दोन पोरं तिच्यात बसली. हेच दोघे आमच्याकडे आले असते तर तेवढेच चमकले असते का, याची मला खात्री नाही. बफेलो आणि कॅन्सस सिटीचंही बघा. बफेलोने आपली २८ वी पाळी चक्क कॅन्सस सिटीला विकली, ज्यांच्याकडून ते दर जानेवारीत मार खातात. त्यांनी त्यावर झेव्हियर वर्दी घेतला, चाळीस यार्ड ४.२१ सेकंदांत पळून विक्रम केलेला पोरगा. नऊ महिन्यांनी कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात बफेलो ३२-२९ ने हरलं आणि वर्दीने त्यात टचडाउनही केला. शेजाऱ्याला विळी दिली की असं होतं.

बेअर्सना तुम्ही काय दिलं होतं? खरं सांगा.

अ+. वर दोन रेघा.

माझी बाजू ऐकून घ्या. पहिल्या क्रमांकावर क्वार्टरबॅक कॅलेब विल्यम्स, नवव्या क्रमांकावर रोम ओडुन्झे. हाताशी डीजे मूर आणि कीनन अ‍ॅलनसारखे झेल घेणारे. बेअर्सच्या क्वार्टरबॅकने एका हंगामात पासचे ४००० यार्ड तोवर कधीच गाठलेले नव्हते. तेव्हाचा विक्रम होता एरिक क्रेमरचा, १९९५ चा, ३८३८. दुसऱ्या संघांत हे दरवर्षी कुणीतरी करतं. आमच्या गावात हा दुष्काळ आहे. त्यामुळे त्या रात्री डोकं ठिकाणावर नव्हतं.

बेअर्सकडे त्या ड्राफ्टमध्ये एकूण पाचच पाळ्या होत्या. तिसरी गेली ऑफेन्सिव्ह लाइनच्या (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीच्या) एका कच्च्या मुलासाठी, जो दुखापतीतून उठत होता. चौथी, १२२ व्या क्रमांकाची, टोरी टेलर नावाच्या ऑस्ट्रेलियन पंटरसाठी. पंटर म्हणजे आक्रमण अडकलं की चेंडू लाथेने लांब उडवून देणारा. म्हणजे क्वार्टरबॅकसमोर भिंत बांधायच्या ऐवजी आम्ही अपयशाची उत्तम सोय करून ठेवली. हे कागदावर समोर दिसत होतं आणि तरीही मी दोन रेघा मारल्या. टेलरच्या लाथेला तोड नव्हती हे मान्य. त्याला सराव भरपूर मिळाला.

विल्यम्स त्या हंगामात ६८ वेळा पाडला गेला. अडुसष्ट. सामने सतरा, म्हणजे दर सामन्याला चार वेळा. सगळा दोष लाइनचा नव्हता, पोरगाही चेंडू धरून बसायचा. नोव्हेंबरच्या मध्याला आक्रमणाचा प्रशिक्षक काढला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी डेट्रॉइटमध्ये टाइम-आउट (घड्याळ थांबवायची सोय) शिल्लक असताना घड्याळ संपू दिलं म्हणून दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूसला काढला. चालू हंगामात मुख्य प्रशिक्षक काढणं हे बेअर्सच्या इतिहासात पहिल्यांदाच. ४-२ वरून सलग दहा पराभव, शेवटी ग्रीन बेला जाऊन एक विजय, ५-१२.

मुलीने लाल पेनाने लिहिलंय: कॅलेब ब, शाळा नापास.

तो शेवटच्या क्षणाचा प्रसंग काय होता? सगळे अजून बोलतात.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार. दिवाळीच्या चकल्या चालल्या होत्या. सोऱ्या माझ्या हातात, बायको तळतेय, टीव्ही हॉलमध्ये. वॉशिंग्टनविरुद्ध बेअर्सनी शेवटची २५ सेकंद राहिली असताना १५-१२ अशी आघाडी घेतली. मी सोऱ्या ओट्यावर ठेवून हॉलमध्ये गेलो. शेवटचा डाव. डॅनियल्स मागे, इकडे पळतो, तिकडे पळतो, आणि ५२ यार्डांवर चेंडू भिरकावतो. गर्दीत कुणाचा तरी हात लागून तो उडाला आणि मागे एकट्या उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात अलगद पडला. १८-१५.

हात कुणाचा? टिरीक स्टीव्हन्सनचा, बेअर्सचाच. तो डाव सुरू झाला तेव्हा प्रेक्षकांकडे वळून त्यांना डिवचत होता, मग धावत आला आणि उडी मारली. मी स्वयंपाकघरात परत गेलो तर ओट्यावरचं पीठ सुकलं होतं. त्या दिवसापासूनच ते दहा पराभव सुरू झाले. चकल्याही कडक झाल्या.

बेअर्सनी निवडलेला तो किरण आपला का?

तो तिसऱ्या फेरीतला लाइनचा मुलगा, किरण अमेगाजी. ७५ वा क्रमांक. नाव ऐकून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तासभर ‘किरणदादा’ चाललं होतं, आडनाव वाचल्यावर उत्साह ओसरला. पण येल विद्यापीठातून आलाय, आणि शाळा हिन्सडेलची, म्हणजे आमच्या घरापासून गाडीने अर्धा तास. गावचा पोरगा म्हणून आम्ही त्याला आपला मानतो.

पँथर्सबरोबरच्या सौद्यात बेअर्सचा फायदा झाला असं म्हणता, मग संघ हरतो कसा?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि मेव्हण्यांनी विचारलेला.

मार्च २०२३ मध्ये बेअर्सकडे पहिला क्रमांक होता. तो कॅरोलायना पँथर्सना दिला. त्यांनी ब्राइस यंग घेतला. बदल्यात आम्हाला मिळालं: खेळाडू डीजे मूर, त्या वर्षीचा नववा आणि ६१ वा क्रमांक, २०२४ ची पहिली फेरी आणि २०२५ ची दुसरी. आता धागा पकडा. नवव्यावरून एक पाऊल मागे सरकून दहाव्यावर डार्नेल राइट घेतला. तो एक क्रमांक ईगल्सना दिला म्हणून २०२४ ची चौथी फेरी मिळाली, तोच पंटर टेलर. ईगल्सनी नवव्यावर कोण घेतला? जेलन कार्टर, ज्याच्या बळावर त्यांचा बचाव उभा आहे. ६१ व्यावरून वर चढून ५६ व्यावर घेतला तो टिरीक स्टीव्हन्सन, चकलीवाला. पँथर्स २-१५ झाले म्हणून त्यांची २०२४ ची पहिली फेरी म्हणजे पुन्हा पहिला क्रमांक, कॅलेब विल्यम्स. २०२५ ची दुसरी फेरी, ३९ वा क्रमांक, लूथर बर्डन.

एका पाळीतून एवढं सगळं. सौदा म्हणून याला तोड नाही, आणि महाव्यवस्थापक रायन पोल्सची पाठ थोपटायलाच हवी. पण भाजी मंडईत घासाघीस करून उत्तम माल आणला तरी स्वयंपाक कुणीतरी करावा लागतो. २०२४ मध्ये आमच्याकडे आचारी हंगामाच्या मध्यात दोनदा बदलला. दुसरीकडे वॉशिंग्टनमध्ये डॅनियल्सला आक्रमण शिकवायला होता क्लिफ किंग्सबरी, जो आदल्या वर्षी कॉलेजात खुद्द कॅलेबबरोबर काम करत होता. हे आठवलं की मी विषय बदलतो.

पाळीची किंमत ठरवायचा काही तक्ता असतो का?

असतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजच्या जिमी जॉन्सनच्या काळात केलेला तक्ता अजून लोक धरतात. पहिला क्रमांक ३००० गुण, दुसरा २६००, दहावा १३००, बत्तिसावा ५९०. आता प्रत्येक संघाचा आपापला हिशेब असतो.

तक्त्याने २०१७ चं दुःख मोजता येत नाही एवढंच सांगतो. तिसऱ्या क्रमांकावरून फक्त एक पायरी वर चढायला बेअर्सनी सॅन फ्रान्सिस्कोला आणखी तीन पाळ्या दिल्या आणि क्वार्टरबॅक मिचेल ट्रुबिस्की घेतला. त्याच फेरीत दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्स घेतला. पुढचा प्रश्न.

सातव्या फेरीत काही हाती लागतं का?

बहुतेकदा नाही, कधीकधी सोनं. शेवटच्या नावाला गमतीने ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात, म्हणजे ज्याने काही फरक पडत नाही असा. २०२२ मध्ये ते २६२ वं नाव होतं ब्रॉक पर्डी. दुसऱ्याच वर्षी तो सॅन फ्रान्सिस्कोला घेऊन सुपर बोलमध्ये होता. दिग्गज क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीची सहावी फेरी, १९९ वा क्रमांक, सन २०००, हे तर इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

ड्राफ्ट बघायला प्रत्यक्ष जावं का?

एकदा जावं. २०२४ चा डेट्रॉइटला होता, आमच्याकडून साडेचार-पाच तास. प्रवेश फुकट, फोनवर नोंदणी करायची. तीन दिवसांत ७ लाख ७५ हजारांवर माणसं, तेव्हाचा विक्रम. आम्ही पोचलो तेव्हा आत जाणं अवघडच झालं होतं, म्हणून एका रस्त्याच्या कडेला मोठ्या पडद्यासमोर उभे राहिलो, पंढरीच्या वारीत शेवटच्या दिंडीत असल्यासारखे. देऊळ दिसत नाही पण आवाज येतो. माझ्या शेजारी लायन्सची निळी जर्सी घातलेले एक आजोबा घडीची खुर्ची घेऊन बसले होते. कॅलेबचं नाव पुकारलं तेव्हा मी ओरडलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘लाइन कोण घेतलीत?’ मी म्हटलं, अजून नाही. ते हसले आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागले. त्या गर्दीत सगळ्यात अचूक गुण त्यांनीच दिले.

२०२५ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात जास्त चर्चा कशाची झाली?

दोन गोष्टींची. जॅक्सनव्हिलने दुसऱ्या क्रमांकावर चढून ट्रॅव्हिस हंटर घेतला, जो आक्रमणातही खेळतो आणि बचावातही. त्यासाठी क्लीव्हलँडला पुढच्या वर्षीची पहिली फेरीसुद्धा दिली. मला धाडस आवडलं. आणि दुसरी, शेडूर सँडर्सची घसरण. पहिल्या फेरीत जाईल म्हणत होते, तो १४४ व्या क्रमांकावर गेला, तोही क्लीव्हलँडनेच घेतला, ज्यांनी तिसऱ्या फेरीत आधीच डिलन गेब्रिएल नावाचा क्वार्टरबॅक घेऊन ठेवला होता. अटलांटाला मी नापास केलं होतं, मग यांना काय म्हणू?

नव्याने बघायला लागलोय. कुठला संघ धरू?

तुमच्या गावचा. नाहीतर मुलं रडतात.

आणि यंदा बेअर्सना किती?

या वेळी ड्राफ्टच्या आधीच मार्चमध्ये त्यांनी भिंत बांधली. जो थूनी आणि जोना जॅक्सनला सौद्यात आणलं, ड्रू डाल्मनला करार दिला. म्हणजे लाइनच्या मधली तिन्ही माणसं नवी. जानेवारीत मुख्य प्रशिक्षक म्हणून बेन जॉन्सन आला, डेट्रॉइटचं आक्रमण चालवणारा. त्या आजोबांच्या गावाहून. ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर टाइट एंड कोल्स्टन लव्हलँड, ३९ व्यावर बर्डन, ५६ व्यावर लाइनचा ऑझी ट्रापिलो.

मी अजून गुण दिलेले नाहीत. फ्रिजवर नवा कागद लावलाय, चुंबक तोच. लव्हलँडपुढे सवयीने ‘टाइट एंड कशाला?’ लिहिलं होतं. मुलीने ते खोडून शेजारी ‘बाउअर्स’ लिहिलंय आणि लाल पेन चुंबकालाच बांधून ठेवलंय.